पूर्ण व्हावे की बेताने राहावे?

मंडळीत दोन प्रकारची माणसे नेहमी आढळतात. एकाची स्थिती अशी की, प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला म्हणजे त्याचा जीव खालीवर होऊ लागतो. महिनाभरात आपण घरात एकदा रागाने बोललो, बाजारात शेजाऱ्याला पाहून तोंड फिरवले, प्रार्थनेला बसलो असता डोळा लागला, हे सारे त्याच्या मनात काट्यासारखे सलते. आणि 'मी या मेजाला योग्य नाही' असे म्हणून तो मागच्या मागे घरी निघून जातो. दुसऱ्याची तऱ्हा याच्या अगदी उलट. त्याच्या दुकानातील माप थोडे कमी भरते असे कोणी त्यास सुचविले, तर तो हसून म्हणतो, 'अहो, संसारी माणसाने सर्व काही बेताने घ्यावे. फारच धर्म पाळू लागलो तर पोट कसे भरावे?' पहिला स्वतःस चेचतो, दुसरा स्वतःस चुचकारतो. पहिला पूर्णतेच्या नावाने खचतो, दुसरा समतोलपणाच्या नावाने झोपी जातो.

तेव्हा प्रश्न असा की, मनुष्याने नीतीत अगदी पूर्ण होण्याची खटपट करावी, की सर्व बाजू सांभाळून बेताने आयुष्य घालवावे? या पाठात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहो. पाठ सुरू करण्यापूर्वी उपदेशक बंधूंनी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातील ४३ ते ४८ ही वचने मंडळीस सावकाश वाचून दाखवावी, म्हणजे पुढील विवेचन ध्यानात येण्यास सोपे जाईल.

१. तेरा गुणांची वही

या प्रश्नाचा ज्यांनी नुसता विचार केला नाही, तर प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला, असे एक प्रसिद्ध गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव बेंजामिन फ्रँक्लिन. त्यांचा जन्म १७०६ साली बोस्टन शहरी झाला. पुढे ते फिलाडेल्फिया येथे छापखाना चालवू लागले आणि स्वकष्टाने मोठे झाले. तारुण्यात त्यांनी मनाशी असा संकल्प केला की, आपण नीतीत पूर्ण व्हावयाचे. एकही दोष शिल्लक ठेवावयाचा नाही. त्यासाठी त्यांनी गुणांची एक यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, सरळपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतचित्तता आणि शुद्धता असे बारा गुण तीत होते. ही यादी त्यांनी क्वेकर पंथाच्या एका मित्रास दाखविली. त्याने प्रेमाने सांगितले की, लोक तुम्हांला गर्विष्ठ समजतात. तेव्हा फ्रँक्लिन यांनी नम्रता हा तेरावा गुण जोडला.

मग त्यांनी एक लहान वही केली. प्रत्येक पानावर सात वारांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी आखल्या. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे, आणि रोज रात्री जो दोष घडला असेल त्याच्या घरात काळा ठिपका द्यावयाचा, असा क्रम ठेविला. तेरा आठवड्यांत एक फेरा पुरा होई. वर्षात चार फेरे होत. जुने ठिपके खरडून वहीला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांवर रकाने आखून घेतले, म्हणजे ओल्या स्पंजाने पुसून पुन्हा लिहिता यावे.

फळ काय झाले? आपल्यात वाटत होते त्याहून पुष्कळ अधिक दोष आहेत, हे प्रथम त्यांस कळून आले. व्यवस्था हा गुण तर त्यांस कधीच साधला नाही. आणि गर्वाविषयी त्यांनी कबूल केले आहे की, तो जिंकला असे वाटले तरी मनुष्य आपल्या नम्रतेचाच गर्व वाहू लागतो! १७८४ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षात, फ्रान्स देशी असताना त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत लिहिली. पूर्णता हाती आली नाही, परंतु खटपट केल्याने मी न करता असतो त्याहून अधिक चांगला व अधिक सुखी झालो, असा त्यांचा अभिप्राय आहे.

२. ठिपक्यांची कुऱ्हाड

याच ठिकाणी त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एका मनुष्याने लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली. तिची धार लखलखीत होती, परंतु पाते काळसर होते. धारेप्रमाणेच सर्व पाते चकचकीत करून दे, असे तो म्हणू लागला. लोहार म्हणाला, 'करतो; पण सहाणेचे चाक तुम्ही फिरवावे.' तो फिरवू लागला. लोहाराने पाते दगडावर जोराने दाबून धरले, तेव्हा चाक जड झाले. थोड्या थोड्या वेळाने उठून तो कुऱ्हाड पाही. शेवटी थकून म्हणाला, 'आहे तशीच द्या.' लोहार म्हणाला, 'फिरवा, फिरवा, होईल स्वच्छ. आता नुसते ठिपके राहिले आहेत.' त्यावर त्या मनुष्याने उत्तर दिले की, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते!

वाचकहो, या गोष्टीत आपले सर्वांचे चित्र नाही काय? 'मला ठिपकेच आवडतात' हे त्याचे मूळचे मत नव्हते. ते दमलेल्या हाताने बनविलेले मत होते. आम्ही दारू सोडावयास निघतो, चार महिने सोडतो, मग सणावारी घेतो आणि म्हणतो, 'थोडी चालते.' कर्ज काढून लग्ने करावयाची नाहीत असे ठरवितो, आणि मुलीचे लग्न आले म्हणजे म्हणतो, 'लोकांत राहावयाचे तर थोडे करावेच लागते.' जे आम्हांस जमले नाही त्यास 'समतोल' असे गोड नाव देतो. दमलो असे कबूल करणे यात पाप नाही. दमलो म्हणून ठिपक्यांसच शोभा म्हणू लागणे, यात मात्र मोठी फसवणूक आहे.

तथापि या गोष्टीची दुसरीही बाजू आहे. कुऱ्हाड कशासाठी असते? लाकूड फोडण्यासाठी. धार उत्तम असून पात्यावर चार ठिपके राहिले, म्हणून सरपण फुटत नाही असे नाही. कोणी दिवसभर सहाणेपाशी बसून पाते उजळीत राहिला आणि घरात चूल पेटविण्यास लाकूड नाही, तर ती उजळलेली कुऱ्हाड काय कामाची? आपल्या आत्म्याचे ठिपके मोजण्यात जो मनुष्य इतका गुंतला की शेजाऱ्याचे दुःख त्यास दिसेना, त्याची दशा अशीच होते.

३. ज्या दोषाला रकाना नव्हता

फ्रँक्लिन यांच्या वहीत आणखी एक धडा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. त्या वहीत न्यायासाठी ओळ होती. परंतु त्यांच्या घरात अनेक वर्षे विकत घेतलेले गुलाम राबत होते. रोज रात्री न्यायाच्या ओळीवर नजर टाकणाऱ्या त्या प्रामाणिक मनुष्यास हा अन्याय कित्येक वर्षे अन्याय म्हणून दिसलाच नाही. कारण भोवतालच्या लोकांत ती नित्याची रीत होती. पुढे मात्र त्यांचे डोळे उघडले. १७८७ साली ते पेन्सिल्वेनियातील गुलामगिरी बंद करू पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १७९० साली, मरणापूर्वी थोडे दिवस, गुलामगिरीविरुद्ध एक अर्ज आपल्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे त्यांनी ठेविला.

यावरून काय शिकावे? मनुष्य स्वतःची वही स्वतःच आखतो. म्हणून जो दोष साऱ्या गावाचा आहे, त्यास तो रकानाच ठेवीत नाही. आमच्यातही असे होते. रागाचा हिशेब आम्ही ठेवितो, उपासनेस उशीर झाला तर खेद करितो. परंतु मुलामुलींच्या सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे पूर्वीची जात हळूच विचारली जाते, याचा ठिपका कोणाच्या वहीत पडतो? सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाते, याचा ठिपका कोण देतो? म्हणून आम्ही म्हणतो की, आपला दोष पाहण्यास दुसऱ्याचा डोळा लागतो. फ्रँक्लिन यांचा गर्व त्यांच्या मित्राने दाखविला नसता तर नम्रतेची ओळ वहीत आलीच नसती. ज्यास सुधारावयाचे आहे त्याने आपल्या पत्नीस, आपल्या गड्यास, आपल्याहून गरीब शेजाऱ्यास विचारावे, 'माझ्यामुळे तुम्हांला कोठे जाच होतो?' आणि उत्तर ऐकून घेण्याचे धैर्य धरावे.

४. बेत कशात असावा, कशात नसावा

आता 'बेताने' या शब्दाचा विचार करू. ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल नावाच्या तत्त्ववेत्त्याने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात असे शिकविले की, सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो. भित्रेपणा हे एक टोक, आंधळे साहस हे दुसरे. त्यांच्या मध्ये शौर्य. कंजूषपणा हे एक टोक, उधळेपणा हे दुसरे, मध्ये औदार्य. ही शिकवण शहाणपणाची आहे, आणि पुष्कळ लोक तिचा आधार घेऊन म्हणतात, 'पाहा, मध्यम मार्गच बरा!' परंतु त्याच ॲरिस्टॉटलने पुढे सांगितले आहे की, कित्येक कृत्यांस मध्यम प्रमाण मुळी नसतेच. चोरी, खून आणि व्यभिचार ही त्याने दिलेली उदाहरणे आहेत. थोडी चोरी ही बेताची चोरी नव्हे. ती चोरीच होय.

तराजूचेच पाहा. दोन्ही पारडी समान राहतात ती खऱ्या वजनाने. दुकानदाराने एका पारड्यावर हळूच अंगठा टेकला तरी काटा मध्यावर आणता येतो. पण त्यास समतोल कोणी म्हणणार नाही. चांगले आणि वाईट यांना दोन पारड्यांत घालून काटा मध्यावर आणणे हा समतोल नव्हे, तो अंगठ्याचा खेळ होय. खरा समतोल चांगल्या आणि चांगल्या गोष्टींमध्ये करावयाचा असतो. काम चांगले, विश्रांतीही चांगली. प्रार्थना चांगली, आजाऱ्याच्या घरी पाणी भरणेही चांगले. मंडळीची सेवा चांगली, स्वतःच्या लेकरांस जवळ घेऊन बसणेही चांगले. यांपैकी एकाने दुसऱ्यास गिळू नये, हा समतोल. तात्पर्य, दुष्टपणात बेत नाही. चांगुलपणाच्या कामांत मात्र बेत हवा.

५. 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ

पण आमच्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांस स्वर्गातील पित्यासारखे पूर्ण होण्यास सांगितले आहे, ते कसे? हेच वचन वाचून पहिल्या प्रकारच्या माणसाची छाती दडपते. यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

पहिली गोष्ट शब्दाविषयी. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे 'तेलेइओस' हा शब्द आहे. ज्यासाठी वस्तू आहे त्या हेतूस ती पोहोचली, वाढून प्रौढ झाली, असा त्याचा अर्थ आहे. लेकराच्या उलट प्रौढ मनुष्य, या अर्थीही तो शब्द नव्या करारात येतो. जोंधळ्याचे रोप वीतभर असते तेव्हा त्यास कणीस नाही म्हणून शेतकरी ते उपटून टाकीत नाही. त्या दिवसात ते जसे असावे तसे आहे. परंतु पोळा झाला, दसरा झाला, तरी ते वीतभरच राहिले, तर त्याच्या जिवाला काही कीड लागली आहे असे तो समजतो. देवही असेच पाहतो. आज कणीस नाही हा अपराध नव्हे; वाढ थांबली, ही चिंतेची गोष्ट होय.

दुसरी गोष्ट संदर्भाविषयी. त्या वचनाच्या अगोदर प्रभू कशाविषयी बोलत होता? वैऱ्यावर प्रीती करण्याविषयी. देव आपला सूर्य बऱ्या आणि वाईट अशा दोघांवर उगवितो व पाऊसही दोघांवर पाडितो, असे त्याने सांगितले. आपल्या गावी मृगाचा पाऊस येतो तेव्हा तो बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, असे कधी झाले आहे काय? ज्या शेजाऱ्याशी बांधावरून आपले भांडण आहे, त्याचेही शेत तितकेच भिजते. देवाची पूर्णता ती ही: त्याची प्रीती अर्धी-मुर्धी नाही. लूकने हीच शिकवण ६ व्या अध्यायात दिली आहे, आणि तेथे 'पूर्ण' या ठिकाणी 'दयाळू' असा शब्द आहे. यावरून उघड होते की, प्रभू आम्हांस ठिपका नसलेले पाते मागत नाही. बांधापाशी न अडणारी प्रीती मागतो.

पौलाच्या लिहिण्यातही हेच दिसते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात तो म्हणतो की, आपण अजून पूर्ण झालो नाही, पुढील मर्यादेकडे धावत आहो. आणि तीनच वचनांनंतर जे पूर्ण आहेत त्यांत तो स्वतःस गणतो! हा विरोध नव्हे. आपण पोहोचलो नाही हे ज्यास कळते, आणि तरीही जो धावणे सोडीत नाही, तोच प्रौढ ख्रिस्ती होय.

६. वेस्ली यांचे घर

पूर्णतेविषयी जॉन वेस्ली यांनी जितके शिकविले तितके थोड्याच उपदेशकांनी शिकविले असेल. त्यांचा जन्म १७०३ साली झाला. ऑक्सफर्ड येथे असताना ते आपल्या वेळेचा तासातासाचा हिशेब लिहीत. तरी मनास शांती नव्हती. १७३८ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस लंडन शहरातील एका लहानशा सभेत, रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचीत असता, ख्रिस्तावर भरवसा ठेवण्याने मिळणारी शांती त्यांस मिळाली. १७६६ साली त्यांनी ख्रिस्ती पूर्णतेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की, पूर्णता म्हणजे देवावर सर्व अंतःकरणाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे. अज्ञान, चूक व शरीराचे दुबळेपण यांतून या जगी कोणाची सुटका नाही.

अशा थोर मनुष्याच्या घराची हकीकत मात्र दुःखाची आहे, आणि ती उपदेशकांसाठी आम्ही मुद्दाम सांगतो. १७५१ साली त्यांनी विवाह केला. परंतु विवाहामुळे उपदेशकाने एक प्रवचन किंवा एक दिवसाचा प्रवासही कमी करू नये, असे त्यांचे मत होते, आणि ते त्याप्रमाणे वागले. संसार सुखाचा झाला नाही. पत्नीचा स्वभाव संशयी व तापट होता असे सांगतात, आणि दोष एकाच्याच पदरी घालणे आम्हांस उचित वाटत नाही. शेवटी ती त्यांस सोडून गेली. १७८१ साली ती मरण पावली, तेव्हा तिचे दफन झाल्यावर एक-दोन दिवसांनी त्यांस ते कळले.

सायकलवरून पाच गावे फिरणाऱ्या उपदेशक बंधूंनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. शेजाऱ्यावर प्रीती करावी असे आपण गावोगाव सांगतो. मग सर्वांत जवळचा शेजारी कोण? ज्याच्या अंथरुणाशेजारी आपले अंथरूण आहे, तो. मंडळीचे काम देवाचे आहे हे खरे; पण घरही त्याच देवाने दिले आहे.

७. रतामाच्या झुडपाखाली

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण मुलांस शिकवितो. ईजबेलीच्या भीतीने तो पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. आपण आपल्या पूर्वजांहून काही बरे नाही, असे त्यास वाटले. पूर्णतेची आशा धरून खचलेल्या माणसाचे हेच बोलणे असते. तेव्हा देवाने त्यास काय दिले? फटकारले काय? नाही. निजू दिले. मग दूताकडून उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. तो जेवून पुन्हा निजला; दूताने पुन्हा उठविले, पुन्हा जेवू घातले. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर नवे काम. झोप व भाकर ही पूर्णतेच्या वाटेवरची धोंड नव्हे. ती वाटेवरची शिदोरी होय.

मार्काच्या ६ व्या अध्यायातही असेच आहे. शिष्यांस जेवावयासही सवड नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांस एकांती विसाव्यासाठी नेले. परंतु तेथे लोकसमुदाय आधीच येऊन पोहोचला होता. त्यांस पाहून त्याला कळवळा आला व तो त्यांस शिकवू लागला. येथे समतोलाचे मर्म आहे. विश्रांती देवाची देणगी आहे. पण ती भिंत नव्हे. कळवळ्यासाठी ती बाजूला ठेवावी. मोठेपणासाठी ठेवू नये.

८. मग करावे काय?

आरंभीच्या दोघांकडे पुन्हा वळू. मेजापासून परत जाणाऱ्या बंधो, तुझे ठिपके मोजणे आता पुरे. ज्या शेजाऱ्याला पाहून तू तोंड फिरविलेस, त्याच्या घरी शनिवारी सायंकाळी जा आणि त्यास रामराम घाल. मग रविवारी मेजाजवळ ये. ते मेज पूर्ण झालेल्यांचे बक्षीस नव्हे. ते वाटसरूंची भाकर आहे. आणि बेताने राहणाऱ्या बंधो, उद्या सकाळी दुकान उघडशील तेव्हा प्रथम माप नीट कर. त्यात अर्धे नीट करणे असे काही नसते.

नांगर धरणारा शेताच्या टोकाचे झाड पाहून तास धरितो. त्या झाडापर्यंत तास सरळच जाईल असे नाही. मध्ये दगड लागतो, बैल ओढ घेतो, तास वाकतो. परंतु झाडावरची नजर काढली तर शेतभर वाकडेच वाकडे. आणि दुपार झाली म्हणजे शहाणा शेतकरी औत सोडतो, बैलांस पाणी दाखवितो, स्वतः सावलीत भाकर खातो, व पुन्हा तेच झाड पाहून औत धरितो. नजर पूर्णतेवर असावी, चाल बैलांच्या दमाची असावी. या दोहोंत भांडण नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. ज्यास आपण 'बेताने' म्हणतो, त्यांपैकी कोणत्या गोष्टी खरोखर दमलेल्या हाताची सबब आहेत?

२. आपल्या गावाच्या वहीत कोणत्या दोषाला अजून रकाना नाही?

३. या आठवड्यात आपल्या घरातील कोणास आपला एक निवांत तास देता येईल?